अंदमानात 'जेवाले या'

आमच्या टेलिफोन ऑफिसात एल.टी.सी., म्हणजे सरकारी खर्चाने सहल, मिळाली की माणूस तिरुपतीला जातो. तसा काही सरकारी नियम नाही, पण धुळ्यात नियमापेक्षा वहिवाट मोठी. आमचे हेडक्लार्क झुलाल पाटील तर दोनदा जाऊन आले आणि दोन्ही वेळा ऑफिसभर लाडवाचा इतका लहान तुकडा वाटला, की प्रसाद आहे की पुरावा, ते कळेना. मीही तिरुपतीच ठरवून घरी आलो आणि चहा पिता पिता सौभाग्यवतींना सांगून टाकलं.

"तिरुपतीला कोण कोण असेल?" लताने विचारलं.

"बालाजी असेल."

"तसं नाही हो. आपल्या ओळखीचं कोण असेल?"

मी आठवून आठवून सांगितलं. शिंदखेड्याचे माझे मामा त्याच आठवड्यात केस द्यायला जाणार होते. (मामांना देण्याजोगे केस किती, हा प्रश्न बालाजीचा.) सोनगीरहून तर आमच्या भाऊबंदांची अख्खी जीप निघणार होती.

लताने कप खाली ठेवला. "मग मला नको."

आता इथे तुम्हाला आमच्या घराची थोडी कल्पना द्यायला हवी. आम्ही राहतो धुळ्याच्या देवपुरात. सोनगीर आणि शिंदखेडा या दोन्हीकडून धुळ्यात कोर्टाला, दवाखान्याला, बी-बियाणं घ्यायला, पोरगी बघायला जो जो माणूस येतो, तो आधी आमच्याकडे येतो, मग कोर्टात जातो. त्यात मला आमच्या आबांकडून एक रोग मिळालेला. जेवताना दारावरून कुणी जाताना दिसलं, की माझ्या तोंडून आपोआप निघतं, "जेवाले या!" शिंक थांबवता येईल, हे नाही थांबत. एकदा तर इन्कम टॅक्सवाल्याला म्हणालो.

आमच्याकडे याची एक पद्धत आहे. पहिल्यांदा "जेवाले या" म्हटलं की समोरचा म्हणतो, "जेवा, जेवा, आताच उठलो." दुसऱ्यांदा म्हटलं की पोटावरून हात फिरवतो. तिसऱ्यांदा म्हटलं तरच ते खरं बोलावणं, आणि तेव्हा मात्र बसायचंच. पहिल्या हाकेला जो बसतो, तो हावरट. आणि जो दोनदाच म्हणून गप्प बसतो, त्याच्या घरात भाकरी नाही असं समजायचं. मी हाडाचा खान्देशी असल्यामुळे नेहमी तीनदा म्हणतो.

याचा परिणाम असा, की लग्न झाल्यापासून लता पंगतीला बसलेली मी पाहिलेली नाही. पाहुणे जेवणार, मी त्यांच्याबरोबर जेवणार, आणि ती चुलीपासून पाटापर्यंत येरझाऱ्या घालणार. शेवटी उरलेली गार भाकरी ओट्याशी उभ्यानेच खाणार. हे मला दिसत नव्हतं असं नाही. दिसत होतं, पण रोज दिसणारी गोष्ट माणूस बघत नाही.

"मला एवढंच पाहिजे," लता म्हणाली, "की एक वेळ, एकच वेळ, तुमच्या शेजारी बसून जेवायचं. गरम गरम. दुसऱ्या कुणीतरी वाढलेलं. आणि शेवटच्या घासापर्यंत उठायचं नाही. अशी जागा असेल तर न्या. नाहीतर मी इथे बरी आहे."

ती रागावून बोलली असती तर मी परतून रागावलो असतो आणि तिरुपतीला गेलो असतो. पण ती अगदी साध्या आवाजात बोलली, आणि मला घास नसताना ठसका लागला.

आमची कन्या प्रतिभा सातवीत. ती पलीकडे नकाशाची वही रंगवत होती. मान वर न करता म्हणाली, "बाबा, बेटावर न्या आईला. बेटाच्या चारी बाजूंनी पाणी असतं. शिंदखेड्याची एस.टी. येणार कुठून?"

झालं. अंदमान ठरलं.

माझ्या मायला सांगायला सोनगीरला गेलो, तर तिने कपाळाला हात लावला. "तठे ते कैदीसले धाडेत ना रे? तू काय करं?"

मी म्हटलं, माय, मी काही गुन्हा केला नाही, आता तिथे हॉटेलं झालीत, काचेच्या बोटी आहेत, लोक मजेला जातात. तिला ते पटलं नाही. जाताना तिने बिबड्यांचा डबा आणि लसणाची चटणी बांधून दिली, डोळ्याला पदर लावला आणि म्हणाली, "साहेबेसशी गोड बोलजो, लवकर सोडतीन." (बिबडे म्हणजे आमचे ज्वारीचे पापड. आमच्याकडे माणूस कुठेही जावो, बिबडे बरोबर जातात.)

मद्रासहून जहाज. त्या प्रवासाबद्दल मी काही सांगणार नाही, कारण मी तो बहुतेक डोळे मिटून आणि बादली धरून केला. जेवणाचं नाव काढलं तरी माझी आतडी गळ्याशी येत. त्यामुळे जहाजावर मी कुणालाही "जेवाले या" म्हटलं नाही. लताला वाटलं, समुद्राने नवरा सुधारला. ती बिचारी फार खूश होती.

हॉटेल मात्र झकास होतं. नारळीच्या झावळ्यांच्या खोल्या, पुढे पांढरी वाळू, पुढे समुद्र. तापी-पांझरेच्या माणसाने इतकं पाणी बघून करायचं काय? लता पायरीवर बसून बघतच राहिली. म्हणाली, "अहो, एवढं पाणी आणि कुणाला हंडा भरायची घाई नाही."

पहिल्या संध्याकाळी आम्ही जेवायच्या हॉलमध्ये गेलो. लताने मोरपंखी साडी नेसली होती. वेटरने तिच्यासाठी खुर्ची मागे ओढली. (ती आधी घाबरली. तिला वाटलं, खुर्ची काढून घेतो की काय.) मी शेजारी बसलो, प्रतिभा समोर. वाफाळतं सूप आलं. लताने चमचा उचलला आणि माझ्याकडे बघून हसली. तेवढ्यात आमच्या टेबलाजवळून एक टक्कल पडलेले गृहस्थ, त्यांची पत्नी आणि त्यांच्या मातोश्री चालले होते.

"आइए, जेवने बैठिए!" मी म्हणालो.

शपथेवर सांगतो, मी म्हणालो नाही. ते निघालं. आणि मी निर्धास्त होतो, कारण आता ते गृहस्थ म्हणणार होते, "नाही नाही, जेवा तुम्ही." पण ते होते कलकत्त्याचे घोषालबाबू. त्यांच्याकडे तीन हाकांची पद्धत नाही. त्यांच्याकडे कुणी बसा म्हटलं की माणूस बसतो.

"बहूत धोन्नोबाद!" म्हणाले आणि बसले. पत्नी बसल्या. मातोश्री तर लताच्याच शेजारी, म्हणजे माझ्या खुर्चीवर बसल्या, कारण मी अदबीने उठून उभा राहिलो होतो.

पुढचं मी सांगायला नको. मातोश्रींच्या ताटात डाळ कमी दिसली आणि लता उठली. हाताची सवय. डाळ वाढली, भात वाढला, घोषालबाबूंना मासा वाढला. वेटर बिचारा हात बांधून भिंतीशी उभा. सगळे जेवून उठले तेव्हा लताचं सूप तिथेच होतं, साय धरलेलं.

खोलीवर मी म्हणालो, "अगं, मला काय माहीत तो पहिल्याच हाकेला बसेल?"

"मी काही म्हटलं का?" लता म्हणाली.

बायको भांडली तर निदान विषय तरी कळतो. "मी काही म्हटलं का" ऐकलं की समजावं, सगळं म्हणून झालेलं आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्त्याला मी निश्चय करून बसलो. पण शेजारच्या टेबलाशी एक नवं लग्न झालेलं जोडपं आलं. मी म्हणालो, "आइए." नवरदेव म्हणाला, "नो, थँक्यू." वा! ह्या माणसाला रीत कळते, मला बरं वाटलं. मी पुन्हा म्हणालो. तो पुन्हा "नो, थँक्यू" म्हणाला. आता तुम्हीच सांगा, दोन वेळा 'नाही' झाल्यावर तिसऱ्यांदा न बोलावणं म्हणजे त्याचा अपमान नाही का? मी उठलो, त्याचा दंड धरला आणि दोघांना आणून बसवलं. नवरी बसली माझ्या एका बाजूला, नवरदेव दुसऱ्या बाजूला. संपूर्ण नाश्ता तो माझ्या डोक्यावरून तिच्याकडे बघत होता. लता टोस्टला लोणी लावून सगळ्यांना देत होती.

"बाबा," प्रतिभा खोलीवर म्हणाली, "ते हनीमूनला आलेत."

"मग? हनीमूनला माणूस जेवत नाही का?"

काचेच्या तळाच्या बोटीत बसलो तेव्हा मात्र लता सगळं विसरली. पायाखाली निळे, पिवळे, पट्ट्यापट्ट्यांचे मासे, आणि पोवळ्यांची झाडं. तिने माझा हात घट्ट धरला. (भरल्या बोटीत, चारचौघांत! धुळ्यात असं झालं असतं तर मी तिला डॉक्टरकडे नेलं असतं.) "अहो, तो बघा, हळद लावल्यासारखा!" असं ती ओरडत होती. तिला इतकं मोठ्याने ओरडताना मी कधी ऐकलं नव्हतं. मला एकदम भरून आलं आणि वाटलं, ह्या बाईने मागून मागून मागितलं काय, तर एक जेवण. आणि आपल्याला तेवढं जमू नये? थू आपल्या जिंदगीवर.

शेवटच्या दिवशी दुपारी हॉटेलवाल्यांनी वाळूत खेळ ठेवले होते. पोरांसाठी नारळ लोटायची शर्यत, आजीलोकांसाठी शंख वेचायची, आणि नवरा-बायकोंसाठी एकेक पाय एकत्र बांधून पळायची. बक्षीस होतं, त्या संध्याकाळी समुद्राकाठी खास जेवण. फक्त त्या कुटुंबासाठी एक टेबल, मेणबत्त्या, आणि वाढायला वेगळा वेटर.

मी लताकडे बघितलं. तिने पदर खोचला.

शिट्टी झाली. नवं जोडपं हसता हसता तिसऱ्या पावलाला आडवं झालं. घोषालबाबू डावा की उजवा यावर पत्नीशी चर्चा करत जागेवरच राहिले. मीही पडलो, पण लता थांबली नाही. नळ जायच्या आत पाणी भरायला निघाल्यासारखी ती सरळ चालत राहिली आणि पायाला बांधलेला मी वाळूतून मागे मागे येत गेलो. आम्ही पहिले आलो. म्हणजे ती आली, मी पोहोचवला गेलो.

संध्याकाळ होईपर्यंत मी प्रतिभाच्या सल्ल्याने तयारी केली. एक, तोंडात सतत काहीतरी ठेवायचं. दोन, लोकांकडे पाठ करून समुद्राकडे तोंड करायचं, कारण समुद्रातून कुणी जेवायला येत नाही. लताच्या गळ्याची शपथ घेतली, की आज माझ्या तोंडून ते शब्द निघणार नाहीत.

सूर्य बुडत होता. नारळीखाली टेबल, पांढरं कापड, दोन मेणबत्त्या. लता माझ्या शेजारी बसली. मी तोंडात पावाचा अख्खा तुकडा कोंबला. मागून घोषालबाबू आले.

"काँग्रॅचुलेशन, दादा!"

मी हात हलवला.

"गोला खाराप?" त्यांनी स्वतःच्या घशाला हात लावून घाबरून विचारलं.

मी जोरात मान डोलावली. ते धावत जाऊन होमिओपॅथीच्या गोळ्या घेऊन आले. मी त्याही पावावर ठेवल्या. ते घुटमळले. खूप घुटमळले. माझ्या गळ्याशी ते दोन शब्द येऊन धडका देत होते, डोळ्यांत पाणी आलं, पण मी गिळलं. शेवटी ते गेले. लताने टेबलाखालून माझ्या हातावर हात ठेवला. परमवीर चक्र मिळालं असतं तरी मला इतका आनंद झाला नसता.

वेटर चांगला वयस्क होता, पिकल्या मिशांचा. त्याने तळलेला मासा वाढला, नारळाच्या दुधातली भाजी वाढली, वाफेचा भात वाढला. लताने पहिला घास घेतला. गरम होता. तिने डोळे मिटले. मग डोळे उघडून हळूच म्हणाली, "छान आहे, पण जरा गुळमट आहे नाही?" आणि पिशवीतून मायची लसणाची चटणी काढली. पाठोपाठ डबा काढला आणि त्यातला एक बिबडा मेणबत्तीवर धरून भाजायला लागली.

बिबडा फुलला, थोडी काजळी धरली, आणि खमंग वास सुटला. भाताचं भांडं घेऊन परत चाललेला वेटर जागच्या जागी थांबला.

"बिबडं शे का ते?" तो म्हणाला.

आम्ही तिघांनी एकदम माना वळवल्या.

"तुम्ही कुठले?" लताने विचारलं.

"भडगावना," तो म्हणाला. "जीवराम नाव मन्हं. रस्ताना कामवर ऊनतू, आठेच राही गऊ. कितला वरीस व्हई ग्यात ताई, आपली बोली कानवर नही पडनी."

भडगाव म्हणजे लताचं माहेर. तिने गिरणेच्या घाटाचं विचारलं, बाजाराचं विचारलं, आणि तो भांडं हातात धरून सांगत राहिला. बोलता बोलता त्याची नजर पुन्हा पुन्हा बिबड्यावर जात होती. मी पाव चघळत गप्प. शपथ म्हणजे शपथ. मी समुद्राकडे बघत राहिलो.

आणि मग मला ऐकू आलं, "जेवाले बस, भाऊ."

मी दचकून तोंडावर हात ठेवला. पण आवाज माझा नव्हता. लताचा होता.

"नही ताई, तुम्हीन जेवा," जीवराम म्हणाला.

"एक घास तरी."

"पोट भरेल शे ताई." त्याने पोटावरून हात फिरवला.

लता त्याच्याकडे बघत राहिली. तिचं एकुलतं एक जेवण, तिने स्वतः शर्यत जिंकून मिळवलेलं, समोर वाफाळत होतं. ती इथेच थांबली असती, तरी कुणी नावं ठेवली नसती.

"बस रे भाऊ," ती म्हणाली. "माहेरचा माणूस उभा राहिला तर मला घास जाईल का?"

"मंग बसस," जीवराम म्हणाला आणि बाहीने डोळे पुसले.

टेबल होतं तिघांचं, खुर्च्या तीन. मी उठून माझी खुर्ची त्याला दिली. आणि मला दिसलं, की लताचा हात भाताच्या भांड्याकडे चाललाय, आणि ती उठतेय.

"बस!" मी ओरडलो. तोंडातला पाव वाळूत गेला. "खबरदार उठलीस तर! मी वाढतो!"

जीवरामच्या खांद्यावरचा नॅपकीन मी माझ्या खांद्यावर टाकला. मॅनेजर धावत आला. वेटर पाहुण्यांत बसलेला आणि पाहुणा वाढतोय! "ये टेबल सिर्फ फॅमिली के लिए है," तो म्हणाला. लता म्हणाली, "भाई है मेरा." त्यावर तो मान हलवत निघून गेला.

मी वाढलं. आयुष्यात पहिल्यांदा वाढलं. रस्सा जीवरामच्या मिशीवर, भात प्रतिभाच्या मांडीवर, आणि माशाचा एक तुकडा थेट समुद्राला. लता इतकी हसली, की तिला ठसका लागला, तेव्हा पाणीही मीच दिलं. पण ती उठली नाही. शेवटच्या घासापर्यंत उठली नाही. गरम जेवली, दुसऱ्याने वाढलेलं जेवली, माहेरच्या गोष्टी करत जेवली. तिने मागितलेलं सगळं सगळं तिला मिळालं. फक्त शेजारी मी नव्हतो.

तेवढ्यात हॉटेलचा फोटोवाला आला. "फॅमिली इधर देखिए!" म्हणाला, आणि मला म्हणाला, "भैया, तुम जरा साइड में हो जाओ."

तो फोटो आमच्या बैठकीत लावलेला आहे. त्यात लता आहे, प्रतिभा आहे, मधोमध जीवराम आहे. कडेला माझा हात आहे, वाटीसकट. मायने फोटो डोळ्यांजवळ धरून विचारलं होतं, "बठ्ठा चांगला शेतस. हाऊ हात कोना शे रे?"

आणि परिणाम काय झाला सांगू? आता आमच्या घरी मी वाढतो. "भाऊ वाढतात झकास," असं शिंदखेड्यापर्यंत झालंय. लता पाहुण्यांबरोबर पंगतीत बसते, आणि दारावरून कुणी जाताना दिसलं की मी तोंड उघडायच्या आत तीच हाक मारते, "जेवाले या!" तेही तीनदा. पाहुणे पूर्वीपेक्षा दुपटीने वाढलेत.

परवा भिकुबाई मावशी आल्या होत्या. भरीत होतं, ज्वारीच्या भाकरी होत्या. सगळ्यांना वाढून मी घाम पुसत उभा होतो. लताने मायेने माझ्याकडे बघितलं आणि शेजारचा पाट सरकवला.

"बसा ना तुम्ही पण आता, माझ्याशेजारी."

माझा जीव सुपाएवढा झाला. पण रीत म्हणजे रीत. "जेवा, जेवा तुम्ही," मी म्हणालो.

"अहो, बसा खरंच."

मी पोटावरून हात फिरवला. "भूक नाही फारशी." आणि तिसऱ्या हाकेची वाट बघत, धोतर सावरून अर्धा वाकून उभा राहिलो.

लताने टोपलीत डोकावून बघितलं.

"मावशी," ती म्हणाली, "ही शेवटची भाकरी तुम्हीच घ्या. यांना भूक नाहीये."